टाळी कधी वाजवायची

नाही, तिथं नाही — त्या बाकावर कॉयरच्या घरची माणसं बसतात. तुम्ही इकडे या, शेवटून दुसऱ्या बाकावर, खांबाच्या अलीकडे. इथून सगळं दिसतं आणि आपण फारसे कोणाला दिसत नाही, आणि माझा अंदाज चुकत नसेल तर तुम्हाला नेमकं तेच हवं आहे. हेल्मेट बाकाखाली सरकवा. मांडीवर नको, गाणं चालू असताना हेल्मेट फरशीवर पडलं की जो आवाज होतो, तो आमच्या कुठल्याही चालीत बसवलेला नाही. आणि बूट? बूट कुठे आहेत तुमचे? बाहेर, पायरीवर? अच्छा, काढून आलात. नाही, चूक असं मी म्हणणार नाही, भावना उत्तमच आहे, फक्त इथं बूट घालून बसायची पद्धत आहे — आता परत जाऊ नका, तेवढ्यात जागा जाईल. पाय जरा मागे घ्या, म्हणजे मोज्याचं भोक झाकलं जाईल. मला दिसलं, पण बघण्यासाठीच तर मला इथं नेमलंय.

आवाज? हो, घसा बसलाय. डॉक्टरांनी अजिबात बोलायचं नाही असं सांगितलंय, आणि कुजबुजणं तर बोलण्यापेक्षाही वाईट असं बजावलंय, म्हणूनच मी इतकं मोजकं बोलते आहे. एरवी मी समोर असते, मुलींच्या मागच्या रांगेत, खालच्या पट्टीत. आज गाता येत नाही, तर आमच्या सागर सरांनी — ते बसवतात हा कॉयर, तो पांढरा सदरा, कीबोर्डच्या वायरीला अडखळणारे — त्यांनी मला पहिल्यांदा येणाऱ्यांच्या सेवेला लावलं. जागा दाखवायची आणि कसं वागायचं ते सांगायचं. ज्याला गाता येत नाही त्याच्याकडे उपदेशाचं काम द्यायचं, ही पद्धत फक्त आमच्याच कॉयरची आहे असा माझा मुळीच दावा नाही.

तर ऐका. घंटा शोधू नका, आत घंटा नसते. मघापासून तुमची नजर वर जातेय ती पंख्याला लागेल. मंडळी उभी राहिली की उभं राहायचं, बसली की बसायचं — का, हे विचारायचं नाही. निम्म्यांना त्याचं कारण माहीत नसतं आणि उरलेले ते सांगायला लागले तर नाताळ उलटून जाईल. फोन बंद — थरथरणारा नाही, बंद. लाकडी बाकावर थरथरणारा फोन म्हणजे या गल्लीमागचा एक कापडाचा लूम आत आणून ठेवल्यासारखं आहे, आणि लूमचा आवाज भिंतीपलीकडून येतोय तेवढा पुरेसा आहे. खोकला आला तर दोन गाण्यांच्या मध्ये खोकायचा. सगळं चर्च तेव्हाच खोकतं, ती आमच्याकडची सामुदायिक प्रार्थनाच समजा. शूटिंग करायचं नाही. हे मी तुम्हाला जरा जास्त स्पष्ट सांगते आहे, कारणही सांगेन, आत्ता नको. आणि हातात ते काय आहे? पेढे? कोणासाठी — देवासाठी? मोकळ्या हाताने कसं यायचं म्हणून. बरोबर आहे, आपल्याकडे मोकळ्या हाताने कोणी कुठे जात नाही, आणि वडप्याची माणसं तर नाहीच नाही. पण इथं पेढे ठेवायला जागा नाही हो, आणि फादरना मधुमेह आहे. ठेवा हेल्मेटमध्ये. पेढ्यांना आजवर इतकं संरक्षण मिळालं नसेल.

वडप्याचे ते मला कसं कळलं? अहो, मोजे बघून नाही.

विपुल ना तुम्ही? हायवेला लागून गोदामं आहेत, त्यातल्या दोन-तीनांचं भाडं तुमच्या आई बघतात आणि बाकीचं तुम्ही. फोटोत गॉगल होता, म्हणून मला दाराशी ओळखायला एक क्षण लागला. तुम्हाला मात्र मी अजूनही ओळखू आलेली दिसत नाही — साहजिक आहे, माझ्या फोटोत, तुमचं स्थळ आणणाऱ्या मनोजमामांनी फोटोवाल्याला सांगून माझा रंग इतका उजळवला होता की माझा मलाच परिचय करून घ्यावा लागला. उन्नती. अंजूरची. एम.ए. झालेली, जिच्या बायोडेटात "गाण्याची आवड" असं लिहिलंय ती. उठू नका, बसा. इतकं लाल व्हायचं कारण नाही. मुलगी गाते म्हणतात, कुठे गाते, कशी उभी राहते, कोणाशी हसते, हे एकदा न सांगता बघून यावं — यात वावगं काही नाही. आमच्या गावातही हळदीला जाऊन मुली पाहून येतात, तुम्ही एवढंच केलंत की हळदीऐवजी चर्च निवडलंत. फक्त दैव असं की बघायला आलात ती मुलगी समोर उभी नाही, शेजारी बसली आहे, आणि जिला गाताना ऐकायचं होतं ती बेडकासारखी बोलते आहे. पैसे परत मिळणार नाहीत; प्रवेश विनामूल्य आहे.

बरं झालं आलात. उपरोधानं नाही म्हणत — म्हणजे पूर्ण उपरोधानं नाही. कारण उद्या रविवार, उद्या आमच्याकडून तुमच्याकडे उत्तर जायचंय, आणि ज्या गोष्टीचं उत्तर द्यायचंय ती गोष्ट तुम्हाला नीट माहीत आहे की नाही याची मला शंका आहे. तुमच्या आईंनी मनोजमामांना काय निरोप दिला? माहीत आहे? "मुलगी पसंत आहे. शिकलेली आहे, चर्चमध्ये गाते तेही एक वेळ चालेल. फक्त तिच्या आईनं लग्नात धवळे म्हणायचे नाहीत, ती व्हिडिओतली बाई ना ती — आम्ही बाहेरून दुसरी धवलारीण बोलवू." माहीत होतं. हं. मान हलवलीत म्हणजे माहीत होतं. प्रामाणिकपणाबद्दल आभार.

तो व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेलच. वडप्याला पोचला, शेलारला पोचला, कल्याणला माझी एक मैत्रीण आहे तिलाही तिच्या सासूनं दाखवला. हसण्याच्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग आणि खाली लिहिलेलं, "चर्चमध्ये घुसली धवलारीण". आता तो कुठे काढला होता ते सांगते. इथे. याच छताखाली, गेल्या वर्षी, याच कार्यक्रमात. पुढून पहिल्या बाकावर, अगदी मधोमध. माझी आई, तुळजाबाई, पहिल्यांदाच येणारी श्रोती; आणि तिला कसं वागायचं हे सांगायला तेव्हा दाराशी कोणी नेमलेलं नव्हतं.

धवळ्यांचं, आपल्या लग्नगाण्यांचं, मी तुम्हाला काय सांगायचं, तुमच्याही घरी गायले गेलेत. पण गोदामांच्या घरात आता डीजे जास्त असतो म्हणून आठवण करून देते. हळद लागते, नवरी उंबऱ्यावर येते, पाहुणे दारात येतात — त्या-त्या वेळी एक बाई ओळ टाकते आणि दुसरी ती उचलते. टाकलेली ओळ तशीच पडू द्यायची नसते. आईची जोडीदारीण एखादे वेळी खोकली, पाणी प्यायला उठली, तर आई स्वतःचीच ओळ स्वतः उचलते, पण पडू देत नाही. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या दारात उभी राहून हेच करत आली आहे. आणि आमच्या सागर सरांनी काय केलं होतं — नाताळासाठी स्वतः एक गाणं रचलं होतं, मराठीत. त्यात गोठ्याच्या दाराशी पाहुणे येतात आणि सगळा कॉयर एका सुरात म्हणतो, "दार उघडा गं बायांनो, दारी उभा पाहुणा" — आणि थांबतो. पूर्ण थांबतो. सर हात वर धरतात आणि शांतता. ही शांतता म्हणजे गाण्याचा सर्वांत अवघड भाग, असं सर म्हणतात; आम्ही ती महिनाभर बसवली होती. त्यानंतर अलगद, अगदी हळू, अंगाईसारखं पुढचं कडवं यायचं.

ते आलं नाही. पहिल्या बाकावरून आई उठली आणि तिनं ओळ उचलली. "उघरतय गो बाय, हात माजा हलदीचा." धवळ्याच्या चालीत. मांडवाच्या टोकापर्यंत जावा म्हणून कमावलेला आवाज आहे तो, माईकची त्याला कधी ओळखच नाही. या एवढ्याशा खोलीत तो मावलाच नाही. आम्ही सगळ्या तोंड उघडं ठेवून उभ्या. सरांचा हात वरच. आणि मग मागून, साधारण तुम्ही बसलाय तिथून, एक जण हसला. मग दोघं-तिघं. मग कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं — कौतुकाच्या नव्हत्या, कशाच्या होत्या ते कळतं माणसाला — आणि त्या टाळ्यांत आईनं इकडेतिकडे पाहिलं आणि ती खाली बसली. पदर तोंडावर घेऊन. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "आगो, पोरींनी ओल टाकली न् गप उभ्या ऱ्हायल्या. दारातला पाव्हना तसाच ठेवाचा काय?" एवढंच. तेव्हा तिला वाटत होतं की आम्ही विसरलो आणि तिनं आम्हाला सांभाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला आणि काय झालं होतं ते लोकांनी तिला समजावून सांगितलं.

तुम्ही हसला होता का, व्हिडिओ बघून? नाही, उत्तर देऊ नका. ते मला आत्ता नको आहे.

तेव्हापासून ती गायली नाही. मे महिन्यात लग्नांची रीघ होती, अंजुरातली, खाडीपलीकडची. सुपारी घेऊन माणसं येत, आणि ती चहा पाजून सांगायची, घसा बरा नाही. तिचा घसा अगदी उत्तम आहे — बसलाय माझा, ही गंमत बघा. सागर सरही येऊन गेले. ओट्यावर बसले, म्हणाले, ती उत्तराची ओळ मला शिकवा, गाण्यात घालतो. त्यांनाही तेच: घसा बरा नाही. आणि तुमच्या आईंचा निरोप घेऊन मनोजमामा आले, तेव्हा पुरतं ऐकायच्या आधीच ती म्हणाली, बरोबर हाय त्यांचा, बोलवू दे दुसरी बाय. जणू वाट बघत होती कोणीतरी हे सांगेल याची. माझ्याच लग्नात माझी आई गप्प बसणार आणि कोणीतरी दुसरी, सुपारी घेऊन, मला हळद लावताना तिच्या जागी उभी राहणार. तुमच्या घरानं घातलेली ती फार लहान अट आहे, मला मान्य आहे. तुमच्या बाजूनं अगदी लहान. तुम्हाला वाटलं असेल, हुंडा नको, सोनं नको, एवढं एकच तर मागतोय.

ते बघा, आली. हिरवं लुगडं, नाकात नथ. पहिल्या बाकावर, मधोमध; ती जागा मीच माझी शाल टाकून धरून ठेवली होती. नाही, वळून बघणार नाही, तिला माहीत नाही तुम्ही आलाय. तिला काहीच माहीत नाही. मी फक्त म्हटलं, माझा घसा बसलाय, मी गात नाही, शेजारी कोणी नसेल तर मला बरं वाटणार नाही, ये — आणि मग तिच्यासाठी पुढे जागा धरली आणि मी इकडे येऊन बसले. खोटं नाही, अपुरं म्हणा हवं तर.

आता मी तुम्हाला जे सांगणार ते सांगायची मला परवानगी नाही, पण बोलायचीही नाही, तेव्हा एकदाच दोन्ही मोडते. ते गाणं आज शेवटी आहे. सरांनी ती शांतता लांबवली आहे. आधी दोन श्वासांची होती. आता त्यांनी कॉयरला सांगितलंय, माझा हात खाली येईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही, मग ती कितीही लांबो. तिला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर आलीच नसती. फक्त ओळ टाकायची आणि उभं राहायचं. उचलली तर उचलली. नाही उचलली तर सर हात खाली घेतील, अंगाई सुरू होईल, आणि पुन्हा आम्ही कोणी हा विषय काढणार नाही.

म्हणून टाळी. मुख्य सूचना शेवटी ठेवली होती ती हीच. पहिल्यांदा येणारा माणूस शांततेला फार घाबरतो. गाणं थांबलं की त्याला वाटतं संपलं, आणि आपणच आधी टाळी वाजवून आपल्याला कळलं असं दाखवावं. एक टाळी पडली की पन्नास पडतात. बाकी तुम्ही काहीही करा, चुकीच्या वेळी उभे राहा, देवाला पेढे दाखवा, मोज्याचं भोक मिरवा — पण तिथं हात मांडीवर. मी तुम्हाला नाकाडोळ्यांसाठी पारखत नाहीये. उंची फोटोत कळली, नोकरीधंदा मामांनी सांगितला, आणि गोदामं तर हायवेवरून दिसतात. मला एवढंच बघायचंय की शांततेत तुम्ही कसे बसता. तसं — तसं तुम्ही बरे बसता. आतापर्यंत एकदाही मध्ये बोलला नाहीत. अर्थात मी संधी दिली नाही, हेही नोंदवायला हवं.

शू. उभे राहा. सगळे उभे राहिले.

बसा.

हे दुसरं. नाही, अजून नाही, त्याला अजून वेळ आहे. ती डावीकडची उंच मुलगी आहे ना, रीमा, तिच्या शेजारची रिकामी जागा माझी. तिथं बघून काय करणार, रिकामी आहे ती. समोर बघा. संपलं हे — आता वाजवा, इथं चालतं. पुरे. एवढ्या जोरात नको, इथं कोणाचा सत्कार नाही. खोकायचं असेल तर आत्ता.

आता हे. हेच. कीबोर्ड नाही, नुसते आवाज. ऐका, मी बोलत नाही.

चांगले म्हणतायत. रीमा थोडी खाली उतरते आहे, पण ते तुम्हाला कळणार नाही. मला कळायलाही नको होतं. आई बघा — पदर. गाणं ओळखलं तिनं. पदर तोंडावर घेतलाय. मी आणायलाच नको होतं तिला. मी एम.ए. झाले, मी सगळा विचार केला, आणि हा एवढा विचार केला नाही की ती नुसती बसून राहील आणि अख्खं चर्च तिच्या पाठीकडे बघेल. दार उघडा गं बायांनो — आता — हात मांडीवर —

लूमचा आवाज येतोय नुसता.

मागे — तो मागचा गृहस्थ, चष्मेवाला, बघा, हात उचलतोय, टाळी — तुम्ही कुठे — विपुल —

मनगट धरलंत त्याचं? ओळख ना पाळख. बरं. बरं, धरून ठेवा. सोडू नका.

पदर खाली आला.

नाही, रडत नाही मी, घसा बसलाय. ऐकलंत? उठलीसुद्धा नाही ती, बसल्या जागेवरून ओळ उचलली. आणि रांग बघा, रीमानं दुसऱ्यांदा उचलली, "हात माजा हलदीचा", तिला कोणी शिकवली? कोणी नाही, व्हिडिओवरून शिकली असणार. म्हणजे त्या व्हिडिओचा एवढा एक उपयोग झाला. आता ते बिचाऱ्याचं मनगट सोडा, लाल झालं असेल. ओळख करून घ्या नंतर, माफी मागा.

आणि ऐका, संपायच्या आत सांगते, नंतर आई येईल आणि मग तुम्ही मला भेटलेलाच नाहीत. उद्या मनोजमामा सकाळी निघतील. त्यांच्याबरोबर मी एवढंच सांगून पाठवणार आहे की आमच्या घरच्या लग्नात धवळे घरचेच होतील. त्यापुढे तुमच्या आईंशी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ते मनगट धरण्यापेक्षा बरंच अवघड जाईल, असा माझा अंदाज आहे. जमलं तर तो पेढ्यांचा पुडा उद्या आमच्याकडे घेऊन या. नाही जमलं तर आत्ताच बाकावर ठेवून जा, कॉयरमधली पोरं संपवतील, मी काही वाईट वाटून घेणार नाही — फारसं. पायरीवर गर्दी होईल, बूट शोधायला वेळ लागेल, तेव्हा आधी उठा आणि निघा.

आता माझ्याकडे बघू नका. समोर बघा. अंगाईचं शेवटचं कडवं झालं, सरांचा हात खाली येतोय.

आता वाजवा.